एक्याण्णववं स्तोत्र रोज वाचलं, तरी घरात मरण आलं. मग देवाच्या राखणीचं वचन समजायचं कसं?

ताई, सलाम.

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही धागा सापडेल. 2021 च्या दुसऱ्या लाटेत तुम्ही घरात रोज सकाळ-संध्याकाळ बायबलमधलं एक्याण्णववं स्तोत्र मोठ्यानं म्हणत होता. मे महिन्यात तुमचे मालक गेले. जुलैत पंचगंगेचं पाणी घरात शिरलं आणि पलंग, शिलाई मशीन, मुलाची पुस्तकं, सगळं चिखलात गेलं. त्यानंतर मंडळीतल्या एका बाईंनी तुम्हाला ऐकवलं की विश्वास कुठंतरी कमी पडला असणार. तुमचा सवाल असा, की देवानं वचन मोडलं की मीच ते नीट धरलं नाही? आणि आता पंधरा वर्षांचा झालेला मुलगा चर्चला यायला नकार देतो, त्याला काय सांगू?

पाळक म्हणून कोल्हापुरात आणि आसपासच्या मंडळ्यांत बरीच वर्षं काढली. हा प्रश्न दवाखान्याच्या व्हरांड्यात, कबरस्तानाच्या फाटकाशी, पूर ओसरलेल्या घरात मला पुन्हा पुन्हा विचारला गेला आहे. त्या बाईंच्या बोलण्यापासून सुरुवात करतो, कारण तो काटा आधी निघाला पाहिजे.

प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय काढा. हेरोद राजानं योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीनं मारलं. एका ओळीत विषय संपतो. मग त्यानं पेत्राला धरलं, दोन साखळ्यांनी बांधून दोन शिपायांच्या मध्ये झोपवलं, आणि रात्री देवदूत येऊन त्याला बाहेर काढतो. सुटकेची ही गोष्ट लूक चांगली रंगवून सांगतो. एकच अध्याय, एकच राजा, एकच मंडळी. याकोब गेला, पेत्र वाचला. का, ते शास्त्र सांगत नाही. पेत्राचा विश्वास मोठा होता असंही म्हणत नाही. उलट पुढं काय होतं बघा. पेत्र दार ठोठावतो, रोदा नावाची मुलगी आवाज ओळखून आत धावत जाते, आणि त्याच्याचसाठी प्रार्थना करत बसलेले लोक तिला म्हणतात, तू वेडी आहेस! ज्यांची प्रार्थना ऐकली गेली त्यांचा विश्वास हा असा होता. त्यामुळं विश्वासाचं माप काढून कोण वाचणार, कोण जाणार हे ठरवायचा हिशोब या अध्यायात तरी बसत नाही.

याकोबाच्या आईचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. ती त्या वेळी हयात होती की नाही, माहीत नाही. पण पूर्वी तिनंच येशूकडं दोन्ही मुलांसाठी उजवी-डावीकडची आसनं मागितली होती, आणि येशूनं त्या दोघांना सांगितलं होतं, माझा प्याला तुम्ही प्याल. याकोबाला वचन मिळालं होतं ते हे. कॅलेंडरवर कुणी छापत नाही ते.

इब्री लोकांस पत्राचा अकरावा अध्यायही याच कामाचा आहे. आपण तो नोहा, अब्राहाम, मोशे इथपर्यंत वाचतो आणि थांबतो. शेवटपर्यंत जा. चौतिसाव्या ओवीत काही जण तलवारीच्या धारेतून निभावले. सदतिसाव्या ओवीत काही जण तलवारीनं मारले गेले. मध्ये दोनच ओव्या. आणि लेखक या सगळ्यांबद्दल, वाचलेल्यांबद्दल आणि मेलेल्यांबद्दल एकत्रच म्हणतो, की विश्वासाच्या बाबतीत त्यांच्याविषयी चांगली साक्ष दिली गेली. मरण म्हणजे विश्वासाची नापासी, ही कल्पना या ओव्यांपुढं टिकत नाही. त्या बाईंशी भांडू नका. पण त्यांचं म्हणणं शास्त्राचं म्हणून घरात ठेवूनही घेऊ नका.

आता एक्याण्णववं स्तोत्र. इथं थोडा वेळ लागेल, कारण तुमचं दुखणं इथंच आहे.

कोरोनाच्या काळात हे स्तोत्र व्हॉट्सअॅपवर किती फिरलं ते आपण पाहिलं. फिरणारच, कारण त्यात मरीचं नाव आहे, अंधारात फिरणाऱ्या रोगराईचं नाव आहे, तुझ्या तंबूजवळ व्याधी येणार नाही असं आहे. कुणी दाराला चिकटवलं, कुणी उशाखाली ठेवलं. ही सवय आजकालची नाही. मृत समुद्राजवळ कुमरानच्या अकराव्या गुहेत सापडलेल्या एका गुंडाळीत हे स्तोत्र भुताखेतांविरुद्धच्या गीतांच्या जोडीला लिहिलेलं आहे. पुढच्या शतकांत लोक त्याच्या ओळी चिठ्ठीवर लिहून ताईतासारख्या अंगावर बाळगत. घाबरलेला माणूस हाताशी लागेल ते घट्ट धरतो, त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण ताईत बांधला की माणूस एवढंच बघतो, लागू पडला की नाही. आणि लागू पडला नाही की एक तर ताईत खोटा, नाहीतर बांधणारा. तुमचे दोन पर्याय नेमके तिथून आले आहेत, ताई. शास्त्रातून आलेले नाहीत.

नव्या करारात या स्तोत्राचा उतारा कोण म्हणून दाखवतो, आठवतं? सैतान. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात तो येशूला मंदिराच्या शिरोभागी उभं करतो आणि म्हणतो, उडी टाक, कारण लिहिलं आहे की तुझ्याविषयी तो आपल्या दूतांना आज्ञा देईल, तुझा पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून ते तुला हातांवर झेलतील. ओवी अकरा आणि बारा. शब्द शास्त्राचेच आहेत, पण मधला 'तुझ्या सर्व मार्गांत' हा भाग गाळलेला. देवानं दिलेल्या वाटेवर चालताना मिळणारी राखण त्यानं उडी मारून पारखायची गोष्ट करून टाकली. येशू त्याला शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकातलं उत्तर देतो, देवाची परीक्षा पाहू नकोस.

आणि उडी मारत नाही.

पुढं काय झालं ते पाहिल्याशिवाय हे स्तोत्र उलगडत नाही. तोच येशू वधस्तंभावर आहे आणि खालून लोक ओरडतात, याचा देवावर भरवसा आहे ना, मग त्यानं आता याला सोडवावं! एकही देवदूत त्याला झेलायला आलेला नाही. पाय धोंड्यावर आपटू नये म्हणून जे वचन, त्याच पायांतून खिळा गेलेला आहे. तुमच्या घरातला हिशोब लावला, तर हे स्तोत्र लागू पडलं नाही असा माणूस खुद्द येशू ठरतो. त्याचा विश्वास कमी पडला असं त्या बाईसुद्धा म्हणणार नाहीत. तो स्वतः तिथं बाविसावं स्तोत्र म्हणतो, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? आणि तिसऱ्या दिवशी कबर रिकामी आहे. पित्यानं त्याला राखलं, पण मरणाच्या अलीकडं थांबवून नाही. मरणात जाऊ देऊन, तिथून बाहेर काढून.

ख्रिस्ती माणूस राखण म्हणतो तेव्हा त्याचा पाया हा आहे. पुनरुत्थान खरं नसेल, तर एक्याण्णववं स्तोत्र कुणाचंच खरं झालेलं नाही, कारण ते म्हणणारे सगळेच शेवटी मेले आहेत. पेत्रही. मी हे गुळमुळीत करून सांगणार नाही. पौलानं करिंथकरांना हेच सांगितलं, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. आणि तो उठला असेल, तर तुमचे मालक आज जिथं आहेत तिथं ते देवाच्या हातातून निसटलेले नाहीत. रोमकरांच्या आठव्या अध्यायात पौल यादी देतो: क्लेश, आपत्ती, छळ, उपासमार, नग्नता, संकट, तलवार. आमच्यावर ही येणार नाहीत असं तो म्हणत नाही. ती ख्रिस्ताच्या प्रेमापासून आम्हाला वेगळं करणार नाहीत, असं म्हणतो. त्या यादीत आजाराचं आणि पुराचं नाव तुम्ही आपल्या हातानं घालू शकता.

स्तोत्राचा शेवटही पाहून घ्या. तिथं आवाज बदलतो आणि देव स्वतः बोलू लागतो, चौदा ते सोळा या ओव्यांत. त्यात तो म्हणतो, संकटसमयी मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे संकट आलेलं आहे. संकट नसतं तर जवळ राहण्याचं वचन कशाला लागतं?

या स्तोत्राचे शेजारीही बघा. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळ नाही. एकोणनव्वदाव्यात विचारलंय, प्रभू, तुझं ते पूर्वीचं प्रेम कुठं गेलं? नव्वदावं म्हणतं, आयुष्य सत्तर वर्षं, फार तर ऐंशी. मग एक्याण्णववं. ज्यांनी स्तोत्रसंहिता जुळवली त्यांनी ही चारही एका ओळीत राहू दिली. आपण मात्र एकाची फ्रेम करून भिंतीला लावतो आणि बाकीची तीन उघडतही नाही.

यिर्मया 29:11 बद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तेही याच जातीचं झालं आहे, म्हणून उभ्या उभ्या सांगतो. तुमच्या हिताचे संकल्प, भविष्याची आशा, हे वचन दहावीच्या निकालाच्या दिवशी वाटलं जातं. ते एका पत्रात आहे. पत्र बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं आहे आणि आधीच्याच ओवीत सत्तर वर्षं थांबायचं सांगितलंय. घरं बांधा, मळे लावा, त्या परक्या शहराचं कल्याण चिंता. पत्र ऐकताना जो चाळिशीचा होता तो परत येणार नव्हता. आणि त्याच्या आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे, जो सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना हनन्या गोड वाटला असणार. तो खोटा ठरला. आजही तंबूत माईक घेऊन 'या महिन्यात तुझं संकट संपलं' म्हणणारे भेटतात. मला तेव्हा हनन्याच आठवतो.

मग देव कधीच शरीरानं राखत नाही का? राखतो. मी पाहिलंय, आणि ते मी योगायोग म्हणून झटकणार नाही. पण आपल्या साक्षींची एक गडबड आहे. 2021 च्या पुरानंतर एका उपासनेत साक्षी चालू होत्या. एक भाऊ उठून म्हणाले, आमच्या पायरीला पाणी लागलं आणि परत फिरलं, देवानं आमचं घर राखलं. मंडळी म्हणाली, आमेन. त्यांच्या मागच्याच बाकावर एक कुटुंब बसलं होतं, ज्यांच्या घरात पाणी माळ्यापर्यंत होतं. त्या कुटुंबातल्या आजी खाली मान घालून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या, पुन्हा गुंडाळत राहिल्या. त्या भावाचं आभार मानणं चुकीचं नव्हतं. आभार मानताना त्यानं देवाचा न्यायनिवाडाही न कळत सांगून टाकला, एवढंच. तेव्हापासून साक्षीच्या वेळी मी आधी विचारतो, ज्यांचं वाचलं नाही असं कुणी बोलणार आहे का? पहिल्यांदा कुणी उठत नाही. नंतर उठतात.

त्या पुरात धोक्याची 43 फूट ओलांडून राजाराम बंधाऱ्यावरची पातळी 55 फुटांच्याही वर गेली होती, आणि 2019 मध्येही तेच झालं होतं. किती फूट झालं, एवढ्यासाठी रात्रभर फोन चालत. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले, त्यांच्याबद्दल येशू स्वतःच लोकांना विचारतो, ते जास्त पापी होते का? नाही, असं तो सरळ सांगतो. पाणी कुंभार गल्लीत शिरतं आणि टेकडीवर शिरत नाही, त्याला उतार कारण आहे. नदीच्या पूररेषेत घर असेल तर पावसाळ्याआधी कागदपत्रं वरच्या नातेवाइकांकडं ठेवणं, विमा असणं, सूचना आली की वेळेत बाहेर पडणं, यात अविश्वास नाही. मंदिरावरून उडी न मारणं जसं, तसंच हे.

औषधाचंही तेच. पौलाच्या अंगावरचे रुमाल नेले तर लोक बरे होत, असं कृत्यांत आहे. तोच पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगतो, आणि दुसऱ्या पत्राच्या शेवटी लिहितो, त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मी मिलेतात ठेवलं. विश्वास कमी म्हणून ठेवलं असं नाही. आजारी होता म्हणून. आपल्या भागात मिशनऱ्यांनी 1894 मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला तो प्रार्थनेवर भरवसा नव्हता म्हणून नाही. कुणी तुम्हाला गोळ्या बंद करून फक्त वचन धरायला सांगितलं, तर त्यांना मिलेतची ओवी दाखवा आणि गोळी घ्या.

पंडिता रमाबाईंचं आयुष्य या प्रश्नावर मला नेहमी उपयोगी पडतं. दुष्काळाच्या काळात आई-वडील गेले, बहीण गेली. पुढं भाऊ गेला, लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पती पटकीनं गेले. नंतर त्या ख्रिस्ताकडं आल्या, केडगावला शेकडो बायामुलींना आसरा दिला. कुणी म्हणेल, आता तरी यांना राखायला हवं होतं. 1921 मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा वारली. रमाबाई तेव्हा शास्त्राचं मराठी भाषांतर करत होत्या. ते काम त्यांनी पुढं चालू ठेवलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या तेव्हा ते हातावेगळं झालं होतं. मुलगी गेल्यावर त्याच बाईनं याच स्तोत्रसंहितेचे आणि ईयोबाचे कागद पुन्हा हातात घेतले असतील. त्यांना देवाची राखण कळली नव्हती असं म्हणायला मी धजणार नाही.

आता तुम्ही काय करायचं ते.

एक्याण्णववं स्तोत्र सध्या बाजूला राहू द्या. सोडून द्या म्हणत नाही, त्याला वेळ द्या. तेराव्यापासून सुरुवात करा. सहाच ओव्या आहेत आणि पहिल्या दोनांत चार वेळा 'कोठवर' आहे. ते मोठ्यानं म्हणा, जसं 2021 मध्ये म्हणत होता तसं. देवावर चिडून बोलायची भीती वाटत असेल तर ईयोब आठवा. बेचाळिसाव्या अध्यायात देव रागावतो तो ईयोबाच्या मित्रांवर, ज्यांनी देवाची बाजू घेऊन व्यवस्थित खुलासे दिले. आरडाओरडा करणाऱ्या ईयोबाबद्दल म्हणतो, हा माझ्याविषयी ठीक बोलला. म्हणूनच दफनाच्या दिवशी मी 'सर्व गोष्टी कल्याणासाठी' ही ओवी वाचत नाही. ती खरी आहे. पण माती ओली असताना ती दुसऱ्यानं म्हणायची नसते, ज्याचं त्यानं पुढं कधीतरी म्हणायची असते.

रात्री झोप लागत नसेल, महिनोन् महिने जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा आणि मला किंवा मंडळीतल्या एखाद्या जवळच्या बहिणीला त्याच दिवशी सांगा. त्यात लाजायचं काही नाही. एलीया संदेष्टाही झाडाखाली मरण मागत बसला होता. देवदूतानं त्याला उपदेश केला नाही, भाकरी आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा भाकरी दिली.

मुलाचं सांगतो. त्याला जबरदस्तीनं आणू नका. दहा वर्षांचा असताना त्यानं आईला रोज एक स्तोत्र म्हणताना ऐकलं आणि मग बापाला जाताना पाहिलं. तो देवावर रागावलाय म्हणजे देव आहे असं तो अजून धरून आहे, हे माझं मत. त्याला एक्याण्णववं समजावून सांगायच्या फंदात आत्ता पडू नका. त्याच्याकडं हबक्कूक द्या. तीनच अध्याय आहेत, अर्ध्या तासात होतात, आणि सुरुवातच अशी आहे की मी किती वेळ ओरडू आणि तू ऐकायचं नाहीस? शेवटी अंजिराला फूल नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी संदेष्टा देवापाशी उभा आहे. तो शेवट मुलाला पटला नाही तर नाही पटला. पहिला अध्याय पटला तरी पुष्कळ. वडिलांबद्दल त्याच्याशी बोला, देवाबद्दल नाही. ते कसे होते, कशाला हसायचे, दवाखान्यात शेवटी काय म्हणाले. ते तुम्ही त्याला अजून सांगितलेलं नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटलं.

आणि त्याला काही विचारायचं असेल, शिव्या द्यायच्या असतील तरी, रविवारची उपासना संपल्यावर मी व्हेस्ट्रीत, म्हणजे चर्चमधल्या पाळकाच्या खोलीत, तासभर असतो. उपासनेला बसायची अट नाही. तो मागच्या दारानं आला तरी चालेल.